पीक बारा आणे, भाव सहा आणे

शेतसाऱ्याच्या कामकाजात पिकाची आणेवारी म्हणून एक प्रकार असतो. त्याची ओळख वऱ्हाडातील कोणत्याही कास्तकारास करून द्यावयास नको. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक असे प्रमाण धरून गावच्या पिकाचे आणे ठरवावयाचे, आणि धाऱ्याची तहकुबी, सूट व दुष्काळी कामे ही त्या आण्यांच्या आधाराने द्यावयाची, ही रीत इंग्रजी अमदानीत रुजली. पुढे आण्यांचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली, पन्नास पैशांची रेघ आली. परंतु रीतीचे मर्म बदलले नाही. ते मर्म असे की, शेतात किती पिकले एवढेच पाहावयाचे. पिकलेल्या मालाचे बाजारात काय झाले, ह्याला त्या पत्रकात रकानाच नाही. प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यातील नोकरीत ही पत्रके वर्षानुवर्षे लिहिली असल्यामुळे त्या नसलेल्या रकान्याकडे त्याचे लक्ष वारंवार गेले आहे.

हा रकाना नसल्यामुळे काय होते, हे पाहावयाचे तर १९२९ नंतरच्या पाच-सहा वर्षांइतका स्पष्ट दाखला वऱ्हाडच्या इतिहासात दुसरा नाही. त्या वर्षांस जागतिक मंदीची वर्षे म्हणतात. अमेरिकेतील शेअरबाजार १९२९ च्या ऑक्टोबरात कोसळला, त्याचा आणि नांदगाव खंडेश्वरच्या पऱ्हाटीचा संबंध काय, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु आपला कापूस त्या वेळी आपल्या गावात विकला जात असला तरी त्याचा भाव आपल्या गावात ठरत नव्हता. अमेरिकेतील शेतकऱ्यास रुईच्या एका पौंडास १९२९ साली सुमारे १७ सेंट मिळत. १९३१ साली त्यास सहा सेंटही मिळेनात. लिव्हरपूल व मुंबई येथील बाजार त्या भावाच्या मागोमाग चालत, आणि मुंबईच्या तारेवर अमरावती, अकोला, खामगाव येथील अडते बोली बोलत. वऱ्हाडाकडील आखूड धाग्याच्या रुईस मुंबईच्या व्यापारात 'ऊमरा' हे नाव पडले ते उमरावतीवरूनच. नाव आपले, भाव मात्र परक्याचा, असा तो मामला होता.

वऱ्हाडची ही स्थिती एकाएकी आली नव्हती. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध होऊन तेथील रुई विलायतेस जाण्याचे थांबले, तेव्हा येथील कापसास सोन्याचा भाव आला. लढाई संपली आणि भाव उतरला. तो पहिला धडा. तरीही कापूस वाढतच गेला, कारण रेल्वे झाली, जिन-प्रेस झाले, रोख पैसा दुसऱ्या कोणत्याही पिकात इतक्या सुलभपणे मिळेना. मंदीच्या सुमारास वऱ्हाडच्या पेरणीखालील जमिनीत कापसाचा वाटा जवळजवळ निम्मा होता. बाजाराची व्यवस्थाही इतर प्रांतांच्या मानाने चांगली होती. कारंजा येथे १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने हिंदुस्थानातील पहिला नियमबद्ध कापूस बाजार स्थापन झाला, व १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. ह्यामुळे मापात होणारी लबाडी, मनमानी कटती व दलाली ह्यांस आळा बसला हे खरे. परंतु तराजू सरळ असला म्हणजे भाव सरळ असतो असे नाही.

आता भाव निम्म्यावर आला म्हणजे कास्तकाराचे उत्पन्न निम्म्यावर येते, असा सर्वसाधारण समज असतो; तो हिशेबास उतरत नाही. उदाहरणादाखल एक खाते घेऊ. समजा, एखाद्या खातेदाराने दहा एकर कपाशी लावली, एकरी तीन मणांप्रमाणे तीस मण कापूस घरी आला, आणि भाव मणास दहा रुपये आहे. रोख आले तीनशे. त्यात सरकारी धारा वीस रुपये आणि सावकाराचे व्याज साठ रुपये, मिळून ऐंशी गेले. हाती राहिले दोनशे वीस. दुसऱ्या वर्षी पीक तितकेच, भाव पाच रुपये. रोख आले दीडशे. धारा वीसच, व्याज साठच. हाती राहिले सत्तर. म्हणजे भाव निम्मा झाला असता हाती राहणारी रक्कम एक तृतीयांशाहूनही कमी झाली. ह्या सत्तरातून बैलाची जोडी, बियाणे, कापडचोपड, लग्नकार्य, आणि मजुरांची मजुरी भागवावयाची. आकडे कल्पित आहेत. परंतु ज्याने त्याने आपल्या खात्याचे आकडे त्या जागी घालून पाहावेत, उत्तर फारसे वेगळे येणार नाही. धारा व व्याज ही देणी रुपयांत ठरलेली असतात. ती भावाबरोबर उतरत नाहीत.

त्यातही हुंडणावळीचा घोळ होता. १९२७ च्या कायद्याने रुपयाची किंमत अठरा पेन्स ठरविण्यात आली. विलायतेत एक पौंड नाण्याला विकलेल्या मालाचे सोळा पेन्सच्या दराने पंधरा रुपये होतात. अठरा पेन्सच्या दराने तेरा रुपये पाच आणे चार पैच होतात. बाहेर माल पाठविणाऱ्या कास्तकाराच्या पदरचे हे पावणेदोन रुपयांच्या आसपास गेले कोठे, ह्याविषयी त्या काळी मोठा वाद झाला. १९२६ च्या चलन आयोगात बसलेले सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास ह्यांनी ह्या दराविरुद्ध आपले भिन्न मत नोंदविले होते. सरकारने ते मानले नाही. आणि पुढे मंदी आली तरी दर तोच राहिला. कलकत्त्याच्या घाऊक भावांचा निर्देशांक, १९१४ च्या जुलैचे भाव शंभर धरून, १९२९ साली १४१ होता. १९३३ साली तो ८७ वर आला. त्यात शेतमालाचे भाव अधिक उतरले आणि कास्तकार विकत घेतो त्या पक्क्या मालाचे कमी.

ह्या उतरणीत सर्वांचेच नुकसान झाले असे मात्र समजू नये. सरकारने १९३१ च्या अखेरीस काटकसर म्हणून नोकरांच्या पगारात दहा टक्के काट केली, आणि त्याबद्दल कचेऱ्यांतून पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. परंतु ज्याचा पगार दहा टक्क्यांनी कमी झाला आणि ज्याचा जिन्नस तीस-पस्तीस टक्क्यांनी स्वस्त झाला, तो बुडाला की तरला, हे आमच्या कारकून वर्गाने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बांधलेले उत्पन्न असणारा मंदीत तरतो. बांधलेले देणे असणारा बुडतो.

मग खातेदार तगला कशावर? बऱ्याच अंशी घरातील सोन्यावर. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णचलन सोडले आणि रुपया पौंडास बांधलेला असल्यामुळे सोन्याचा रुपयांतील भाव चढू लागला. तोळ्यास सुमारे एकवीस रुपयांचे सोने पुढील काही वर्षांत तिसाच्या वर गेले. खेड्यापाड्यांतून पाटल्या, गोठ, पुतळ्यांच्या माळा सराफाकडे गेल्या, तेथून मुंबईस व मुंबईहून विलायतेस. १९३१ ते १९३७ ह्या काळात हिंदुस्थानातून तीनशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने बाहेर गेले. सरकारी अहवालांत ह्यास लोकांनी नफा साधला असे म्हणणारे होते, आणि देशी वृत्तपत्रे त्यास अडचणीचे सोने म्हणत. धारा भरण्यासाठी बायकोच्या हातातील पाटली मोडणाऱ्याने नफा साधला, हे म्हणणे आम्हांस पटत नाही.

इतका वेळ खातेदाराचेच सांगितले. परंतु वऱ्हाडात जमीन नसलेल्यांची संख्या नेहमीच मोठी, आणि कापसाचा प्रांत म्हणजे मजुरीचा प्रांत. ज्वारीस पेरणीनंतर थोडीफार निंदणी, राखण आणि कापणी-मळणी एवढीच मेहनत. कपाशीस डवरणीबरोबर दोन-तीन वेळा निंदण, आणि दिवाळीच्या पुढेमागे सुरू होऊन दोन-अडीच महिने चालणारी वेचणी. ह्या वेचणीवर गावच्या बायांचा संसार चाले. हंगामात पूर्वेकडील जिल्ह्यांतूनही मजूर वऱ्हाडात उतरत. वेचणीनंतर तोच कापूस गाडीवानास भाडे देई, बाजारात मापाऱ्यास व हमालास रोज देई, जिनावर बायांस आणि प्रेसवर गड्यांस काम देई, बडनेरा, मूर्तिजापूर येथील स्टेशनांवर गाठी चढविणाऱ्यांस मजुरी देई. मूर्तिजापूरहून यवतमाळास व अचलपुरास गेलेल्या लहान गाड्यांचे रूळ मूळ पडले ते कापसाकरिताच. एका बोंडावर किती हात जगत ह्याची गणती कोणी केली नाही.

मंदी आली तेव्हा हे हात कोणत्या क्रमाने रिकामे झाले, ते वर दिलेल्या सत्तर रुपयांच्या हिशेबावरूनच कळते. खातेदाराने धारा टाळला नाही, कारण जप्ती येते. व्याज होता होईतो टाळले नाही, कारण हुकूमनामा येतो. बैल विकले नाहीत, कारण मग शेतीच संपते. उरली मजुरी. तीन निंदण्यांच्या जागी दोन झाल्या, दोनच्या जागी एक. दोन सालदार ठेवणारा पाडव्यास एकाचेच साल धरू लागला. काहींनी कपाशी कमी करून ज्वारी वाढविली. घरात खावयास झाले, परंतु बायांची वेचणी गेली. ज्यांचे साल टिकले त्यांची स्थिती त्यातल्या त्यात बरी म्हणावी लागेल. कारण सालदारास काही भाग धान्यात मिळे आणि धान्याचे माप भावाने घटत नाही. खरा नागवला तो रोजमजूर. ज्वारी स्वस्त झाली म्हणून मजुराचे बरे झाले असे त्या काळी काही शहरी मंडळी म्हणत. स्वस्त ज्वारी घेण्यासही रोज मिळावा लागतो, आणि रोज मिळण्याचे दिवसच कमी झाले होते.

जिनांची गोष्ट आणखी निराळी. वऱ्हाडात जिन-प्रेसचे कारखाने कापसाच्या मानाने पूर्वीपासूनच फाजील होते, आणि कारखानदारांनी आपसांत संगनमत करून 'पूल' बांधण्याची चाल पडली होती. पुलात सामील झालेल्या सर्वांनी सरकी काढण्याचा दर एकच ठेवावयाचा, आणि नफा ठरलेल्या वाट्याने वाटून घ्यावयाचा. मग एखाद्या कारखान्याचे दार त्या हंगामात उघडलेच नाही तरी मालकास त्याचा वाटा घरबसल्या पोहोचे. मालकास वाटा पोहोचे, परंतु त्या बंद दारामागे काम करणाऱ्या बायांस काय पोहोचे? आणि कापूस निम्म्या किमतीचा झाला तरी पूल असेल तेथे जिनाईचा दर त्या मानाने उतरण्याचे कारण नव्हते, हे निराळेच. मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्याकरिता नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर १९३४ चा कारखान्यांचा कायदा आला. त्या कायद्यानेही हंगामी कारखान्यांस, म्हणजे मुख्यतः आपल्या जिन-प्रेससारख्यांस, आठवड्यास साठ तासांची मुभा ठेवली. बारमाही कारखान्यांस चोपन्न तास होते. कामाचे तास किती असावेत हे कायद्याने सांगितले. काम किती दिवस मिळेल हे कोणता कायदा सांगणार?

येथे आणेवारीचा मुद्दा पुन्हा येतो. दुष्काळ पडला असता सरकार खडी फोडण्याची, तळी खोदण्याची कामे काढी, आणि मजुरास निदान पोटापुरते मिळे. दुष्काळसंहिता १८८० नंतर तयार झाली ती ह्याच हेतूने. परंतु दुष्काळ ओळखावयाचा कसा? पाऊस नाही, पीक नाही, आणे कमी, ह्या खुणांनी. ज्या वर्षी पीक बारा आणे आहे आणि भाव सहा आणे, त्या वर्षी ह्या खुणांपैकी एकही दिसत नाही. रान हिरवे आहे, खळ्यावर ज्वारी आहे, कोठ्यात कापूस आहे. पाहणीस आलेला अधिकारी काय लिहील? प्रसंगोपात धाऱ्यात काही सवलती दिल्या गेल्या, नाही असे नाही. परंतु त्या खातेदारास. ज्याच्या नावे खातेच नाही त्यास धाऱ्याची सूट कसली द्यावयाची? मजुराचा दुष्काळ कोणत्याच पत्रकात चढला नाही.

कर्जाच्या बाबतीत मात्र ह्या प्रांताने एक पाऊल पुढे टाकले, आणि त्याचा उल्लेख आपल्या तालुक्याच्या मासिकात अवश्य केला पाहिजे. मध्यप्रांत-वऱ्हाडातील बँकिंग चौकशी समितीने १९३० च्या सुमारास प्रांतातील ग्रामीण कर्ज सुमारे छत्तीस कोटी रुपयांचे असल्याचा अंदाज केला होता. भाव निम्मे झाल्यावर हेच कर्ज मालाच्या मापाने दुप्पट झाले. त्या वेळी प्रांतिक मंत्रिमंडळात डॉ. पंजाबराव देशमुख होते. त्यांचा जन्म १८९८ साली पापळचा. हे गाव आज आपल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात आहे. त्या काळी नांदगावही चांदूर तालुक्यात मोडत असे. पंजाबरावांनी १९२७ साली शेतकरी संघ काढला, १९३० साली ते मंत्री झाले, आणि त्यांच्या आग्रहाने १९३३ साली कर्जतडजोडीचा कायदा झाला. लोकांच्या तोंडी तो कर्जलवाद कायदा म्हणून राहिला. ऋणको व धनको ह्यांस मंडळापुढे बसवून रक्कम ठरवावयाची आणि तिचे हप्ते पाडावयाचे, अशी ती योजना होती. ह्या प्रकारचा कायदा करण्यात आपला प्रांत हिंदुस्थानात अग्रभागी होता; पंजाब, मद्रास वगैरे प्रांतांनी पुढे आपापले कायदे केले. ह्या कायद्यात सावकाराच्या संमतीवर बराच भार होता हे त्याचे वैगुण्य खरे, आणि म्हणूनच १९३९ साली कर्जनिवारणाचा दुसरा कायदा करावा लागला. तथापि, रुपयांत बांधलेले देणे भावाबरोबर उतरले पाहिजे, हे तत्त्व सरकारी कागदावर प्रथम त्या कायद्याने आले. आमच्या मते पंजाबरावांच्या पुढील सर्व कीर्तीपेक्षा हे काम कमी मोलाचे नाही.

ज्यांच्या जमिनी लिलावात गेल्या त्यांस कायदा उशिरा आला. सहकारी पतपेढ्यांची स्थितीही बिकट होती. त्यांनी चांगल्या भावाच्या वर्षांत चांगल्या भावाच्या मापाने कर्जे दिली होती. वसुलीपोटी जमिनी ताब्यात आल्या, पण त्या घेण्यास गिऱ्हाईक नव्हते. आपल्या संघाच्या पंचांनी हा भाग विसरू नये.

१९३३ साली आणखी एक आघात झाला, तो देशांतर्गत धोरणाचा. हिंदुस्थानातून बाहेर जाणाऱ्या रुईचा सुमारे निम्मा भाग त्या काळी एकटे जपान घेई, आणि त्यास आपली आखूड धाग्याची रुई मिश्रणासाठी सोयीची पडे. शेतकी खात्याने वऱ्हाडात पसरविलेले 'रोझियम' वाण रुईचा उतारा भरपूर देई, पण धागा आखूड. त्यामुळे लँकेशायरच्या गिरण्या त्याकडे फारशा वळत नसत. जपानी कापड मुंबईच्या गिरण्यांस भारी पडू लागले म्हणून सरकारने १९३३ च्या जूनमध्ये ब्रिटिशेतर कापडावरील जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानी गिरण्यांनी उत्तरादाखल हिंदी रुईवर बहिष्कार घातला. गिरणीमालकांच्या संरक्षणाची किंमत अशा रीतीने आपल्या कास्तकारावर येऊन पडली. १९३४ च्या जानेवारीत सिमला-दिल्लीच्या वाटाघाटींतून करार झाला: जपानने दहा लक्ष गाठी रुई घ्यावी आणि त्याबदल्यात साडेबत्तीस कोटी यार्ड कापड आणावे, पंधरा लक्ष गाठी घेतल्यास चाळीस कोटी यार्ड. कराराने बहिष्कार उठला. परंतु एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचा धोका पुढे १९४१ च्या डिसेंबरात पुन्हा कळला. जपान युद्धात उतरला आणि आखूड रुईचे ते गिऱ्हाईक नाहीसे झाले. नंतर अधिक धान्य पिकवा ही मोहीम निघाली. लांब धाग्याचे 'व्हेरम' वाण अकोल्याच्या संशोधकांनी त्या आधीच तयार केले होते. मंदी नसती तर कास्तकार त्याकडे इतक्या लवकर वळला असता की नाही, ह्याची आम्हांस शंका आहे.

हा सर्व जुना इतिहास आहे, आणि मधल्या काळात पुष्कळ बदलले हेही मान्य केले पाहिजे. १९६५ साली शेतमालाच्या भावांकरिता आयोग नेमला गेला व हमीभावाची पद्धत आली. आपल्या राज्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी तीन दशके चालली. रोजगार हमी योजना ही महाराष्ट्राचीच निर्मिती. मजुराचा हक्क खातेदाराच्या आण्यांपासून सोडविणारी पहिली व्यवस्था ती होय. १९३१ साली अशी योजना असती तर निंदण गमावलेल्या बाईस निदान मागण्याची जागा असती. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून पोरे गावी परतली, तेव्हा खेड्याने त्यांस सामावून घेतले आणि केंद्र सरकारने रोजगार हमीस चाळीस हजार कोटी रुपये अधिक दिले, हेही आपण पाहिले.

परंतु तो रकाना अजून पुरता भरलेला नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४८९२ रुपये होता आणि बाजारात माल चार हजारांच्या आसपास जात होता. विमा उतरविलेला असला तरी विमा उत्पन्नाचा, भावाचा नव्हे. २०२३ च्या हंगामातील कापूस व सोयाबीन ह्यांस भाव न मिळाल्याबद्दल राज्य सरकारने २०२४ साली हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, दिले. त्यासाठी ई-पीक पाहणीची नोंद पाहिली गेली. भाव पडणे हीही आपत्ती होय असे सरकारने त्या वेळी मानले, ह्याचे आम्हांस समाधान वाटते. परंतु ती मदत पुन्हा ज्याच्या नावे पिकाची नोंद त्यालाच. त्याच दोन हेक्टरांवर ज्यांचे दिवस बुडाले त्यांची नोंद कोठे होती? २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने हिंदी कापडावर पन्नास टक्के जकात बसविली, आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेस आपल्या सरकारने गिरण्यांच्या सोयीसाठी परदेशी रुईवरील अकरा टक्के आयात शुल्क उठविले. ती मुदत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. मध्यम धाग्याच्या कापसास त्या हंगामाचा हमीभाव ७७१० रुपये होता, पण तो मिळण्यास खरेदी केंद्राची नोंदणी आणि आठ ते बारा टक्क्यांचा ओलावा ही दारे ओलांडावी लागत. १९३३ च्या जकातीचा प्रसंग वाचून झाल्यावर २०२५ चा प्रसंग वाचकांस अगदीच अपरिचित वाटणार नाही.

आता आपल्यापुरते. वेचणीस बाया मिळत नाहीत, अशी तक्रार आपल्या बैठकांतून दरवर्षी होते. तणनाशकाने निंदण गेले, मळणीयंत्राने खळे गेले, आणि भाव पडलेल्या वर्षी उरलेले दिवसही आपणच कापले. मग वेचणीच्या महिन्यात ती बाई गावात कशासाठी थांबावी? तिला जिथे बारमाही रोज मिळतो तिथे ती गेली. ह्यात तिला दोष देता येणार नाही, आणि आपल्या हाती सत्तर रुपये उरले असता आपणांसही फारसा देता येणार नाही. परंतु किती दिवस दिले व किती कापले, हे तरी आपणांस ठाऊक असावे.

म्हणून संघाच्या सभासदांपुढे एक लहानशी सूचना ठेवतो. गावची पैसेवारी सरकार काढील. तिच्या जोडीस प्रत्येक सभासदाने आपल्या घरच्या वहीत तीन गोष्टी लिहाव्यात. माल कोणत्या तारखेस, कोणत्या बाजारात, काय भावाने विकला. पेरणीपासून उलंगवाडीपर्यंत बाया व गडी मिळून मजुरीचे किती दिवस दिले आणि दर काय होता. व्याज, हप्ता, खताची उधारी अशी रुपयांत ठरलेली देणी एकूण किती आणि ती फेडण्यास किती क्विंटल माल विकावा लागला. ही तिसरी बाब क्विंटलांतच लिहावी, रुपयांत नव्हे. म्हणजे देणे वाढले की भाव उतरला हे एका नजरेत कळेल. पन्नास सभासदांच्या अशा वह्या एकत्र झाल्या तर आपल्या तालुक्याची भावाची आणेवारी तयार होईल, आणि तहसिलीत निवेदन घेऊन जाताना केवळ तोंडी गाऱ्हाण्यावर विसंबावे लागणार नाही. वहीस मुहूर्त पाहिजेच असेल तर सीतादहीचा दिवस चांगला. त्या दिवशी बायाही शेतात असतात आणि मालकही.